हातावरचा गुलाबी रंग

मी निवृत्त झाले त्या दिवशीच्या सत्कारात एका वक्त्याने सांगितलं, की बाईंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकाही अहवालाला कोणी आव्हान देऊ शकलं नाही. टाळ्या झाल्या. माझ्या मांडीवर शाल होती, शालीवर नारळ होता, आणि तो घरंगळू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यामुळे हात वर करून 'एक होता' असं सांगता आलं नाही. त्या एका अहवालाला आव्हान मीच दिलं होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा वाटलं, आता हातात नारळ नाही, तर सांगून टाकावं.

मी सरकारी प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषक होते. कुठल्या ते सांगत नाही. तिथे आता दुसरी माणसं आहेत आणि त्यांना त्यांच्या स्वतःच्या चुका करायच्या आहेत. कोर्टात आमच्या अहवालाला, केमिकल ॲनालायझरचा म्हणून, 'सीए रिपोर्ट' म्हणतात. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ एवढ्या नावावर विसंबून चार वर्षं मला फाटकाशी गाठून इन्कमटॅक्सचे प्रश्न विचारत होते. मी खरं काय करते ते कळल्यावर त्यांनी माझ्या हातचा चहा घेणं सोडलं.

काम तसं सोपं होतं. कुठे विषबाधा झाली, दारू पकडली, खून झाला, की पोलीस वस्तू बाटलीत किंवा पुडक्यात घालतात, लाखेचं सील लावतात आणि सोबत पत्र देतात. पत्रात प्रश्न असतात. 'बाटली क्रमांक एकमध्ये विष आहे काय? असल्यास कोणते?' आम्ही तपासायचं आणि एकाला एक, दोनाला दोन अशी उत्तरं द्यायची. विचारलं नसेल ते लिहायचं नाही. हा नियम कुठे छापलेला नव्हता, पण छापलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. आमचे साहेब म्हणायचे, "आपण कीर्तनकार आहोत का? विचारलं तेवढं सांगा आणि पुढचं पार्सल घ्या."

त्या वर्षांत पुढचं पार्सल म्हणजे बहुतेक वेळा बरणी असे. बरणीत काय असायचं ते दिवाळीच्या फराळासोबत सांगत नाही. झाकण उघडलं की कीटकनाशकाचा वास यायचा आणि प्रश्न क्रमांक एकचं उत्तर नाकच देऊन टाकायचं. तो माणूस ते का प्यायला, हा प्रश्न पत्रात कधीच नसे. तो विचारायला मोठ्या शहरांतून समित्या यायच्या, सर्किट हाऊसवर उतरायच्या आणि परत जाऊन आणखी एक समिती नेमावी अशी शिफारस करायच्या. आमच्याकडे बरण्यांच्या रांगा मांडणीवरून जमिनीवर आल्या होत्या. अशा ठिकाणी माणसाला कमी लिहायची सवय लागते. मला ती फार चांगली लागली होती.

एका पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या भागातल्या एका बाजारगावी सायकलला अडकवलेल्या डब्यात स्फोट झाला. गावाचं नाव देत नाही. एक चणे-फुटाणेवाली बाई आणि दोन गिऱ्हाइकं जबर जखमी झाली. बाईचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते, म्हणजे त्यांच्या आधी आरोपी यायला हवा होता. तो आला. सायकलच्या मडगार्डवर हिरवा पोपट आणि लाल गुलाब काढलेला होता, आणि असा पोपट त्या पट्ट्यात एकच माणूस काढत असे: अकोटचा उस्मान पेंटर.

उस्मान पेंटर दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, सायकलींची मडगार्डं रंगवायचा. अर्ध्या तालुक्यातल्या सायकलींवर त्याचा पोपट होता. त्या न्यायाने अर्ध्या तालुक्याला पकडायला हवं होतं. पण पोपट काढणारा एक आणि सायकली हजारो, म्हणून एकाला पकडणं सोयीचं झालं. त्याच्या दुकानातून थिनरचे डबे जप्त झाले. पेपरात 'ज्वालाग्राही द्रवाचा साठा' असं आलं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्या आठ बाय दहाच्या दुकानाचा कारखाना झाला.

त्याचे दोन्ही हात कापसाच्या बोळ्यांनी पुसून ते बोळे आमच्याकडे पाठवले होते. वऱ्हाडात त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं, पण त्या चार बोळ्यांसोबत दोन अधिकारी आणि एक सशस्त्र शिपाई आले. पत्रात प्रश्न एकच होता: 'सदर बोळ्यांवर स्फोटक पदार्थाचा अंश आहे काय?'

चाचणी अशी असते. बोळ्यावरचं जे काही असेल ते द्रवात उतरवायचं, त्यात थोडा कॉस्टिक सोडा घालायचा आणि मग रंग आणणारं रसायन. जिलेटिनच्या कांडीसारख्या स्फोटकाचा अंश असेल तर द्रव गुलाबी होतो. माझा चार सेकंदांत झाला, एखाद्या सरबतासारखा. ही चाचणी प्राथमिक. तिच्यानंतर दुसरी, खात्रीची चाचणी करायची असते. तिला लागणाऱ्या काचपट्ट्या संपल्या होत्या आणि मागणीपत्र कुठल्याशा टेबलावर सहीची वाट पाहत होतं. साहेब म्हणाले, "गुलाबी आला ना? लिहा, आढळला. मंत्री सर्किट हाऊसवर बसलेत."

मी लिहिलं, आढळला. खाली सही केली.

पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. आमचे जुने प्रयोगशाळा परिचर वानखडे पुडकं उघडत होते. बोळा नाकाशी न नेता त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, याले त पेंटरच्या दुकानावानी वास येऊन राहिला."

"पेंटरच आहे तो, वानखडे."

"मंग हे हिरवं बी त्याचंच अशीन," असं म्हणून त्यांनी बोळ्याची कड दाखवली.

मी ते माझ्या कामाच्या वहीत टिपून ठेवलं: 'बोळा दोन, हिरवट छटा, थिनरसारखा वास.' वहीत सगळं टिपायचं ही मला लागलेली दुसरी चांगली सवय. अहवालात ते आलं नाही, कारण हिरव्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

आता वाचकांना वाटेल की खटल्यात मला उलटतपासणीत हे विचारलं असेल. मला बोलावलंच नाही. सरकारी विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, अशी कायद्यात सोय आहे. आमचा वेळ वाचावा म्हणून ती केली आहे. माझा कागद अकोल्याच्या कोर्टात माझ्याशिवाय उभा राहिला, आणि माझ्यापेक्षा बराच ठामपणे बोलला.

उस्मानच्या बाजूने पुंडलिकराव नावाचे एक शेतकरी साक्षीला आले होते. त्यांचं म्हणणं असं, की पोळ्याला उस्मान सकाळपासून आमच्या गावात बैलांची शिंगं रंगवत होता. दर पोळ्याला येतो, याचा बापही यायचा. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्या बैलांची शिंगं किती वाजता रंगवली?"

"बैल धुऊन आनल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

"साहेब, घडी ना माह्यापाशी, ना बैलापाशी."

'साक्षीदारास वेळ सांगता येत नाही,' अशी नोंद झाली. शिंगं रंगवली असली तरी हातावर स्फोटक कुठून आलं, याला पुंडलिकरावांकडे उत्तर नव्हतं. ते माझ्या वहीत होतं आणि वही कपाटात. उस्मानने कोठडीत कुठल्याशा कागदावर सही केली होती, तीही नंतर नाकारली. पण गुलाबी रंग नाकारायची सोय नव्हती. त्याला जन्मठेप झाली. तपास करणाऱ्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले. मी एक खाल्ला. हे लिहायला हवं म्हणून लिहिलं.

दोन वर्षांनी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. अशा प्रशिक्षणात पहिला दिवस दीपप्रज्वलनात जातो आणि तिसरा प्रमाणपत्रं वाटण्यात. मधल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे ज्या वेळी कोणी ऐकत नाही त्या वेळी, एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांचं व्याख्यान होतं. ते आयरिश लोकांबद्दल बोलत होते.

सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या एका शहरात दोन दारूच्या गुत्त्यांत बॉम्ब फुटले, बरीच माणसं मेली. त्या रात्री तिथे राहणारे पाच आयरिश कामगार रेल्वेने आपल्या मुलखाकडे निघाले होते, एका ओळखीच्याच्या अंत्यविधीला. वेळ जावा म्हणून डब्यात पत्ते खेळत होते. बोटीवर चढण्यापूर्वी त्यांना धरलं, नंतर सहावा धरला. मारून कबुल्या घेतल्या. काहींचे हात पुसले, चाचणी केली, आणि द्रव गुलाबी झाला. सहाही जणांना जन्मठेप. सोळा वर्षांनी सुटले, तोवर लक्षात आलं होतं की तो गुलाबी रंग पत्त्यांवरच्या चकचकीत लेपानेही येतो. त्या लेपात नायट्रोसेल्युलोज असतं. गुळगुळीत लॅकर मारलेल्या टेबलानेही येतो.

म्हातारबुवांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. एका आयरिश कुटुंबात हातांवर आणि घरातल्या बाईच्या हातमोज्यांवर स्फोटकाचा अंश सापडला म्हणून घरातल्या लहान मुलांसकट सात जणांना तुरुंगात घातलं. तिच्या स्वयंपाकघराला पेपरांनी बॉम्बचा कारखाना म्हटलं. त्यातला एक जण तुरुंगातच वारला. नंतर वरच्या कोर्टाने तेही सगळे निकाल फिरवले.

मधे एका थोर न्यायमूर्तींपुढे त्या सहा जणांचा पोलिसांविरुद्धचा दावा आला होता. न्यायमूर्तींचं म्हणणं साधारण असं: हे लोक खरे असतील, तर पोलीस खोटे ठरतील, आणि ते दृश्य इतकं भयंकर आहे की दावा पुढे न चालवलेला बरा. आमच्या रांगेत कोणीतरी हसून म्हणालं, "आपल्याकडे पत्ते खेळणाऱ्यांना जुगारात धरतात, बॉम्बमध्ये नाही." सगळे हसले. मीही हसले असते, पण मला कुठूनतरी थिनरचा वास यायला लागला होता.

बैलांच्या शिंगांना कुठला रंग लावतात, हे मी शेतकऱ्याची मुलगी असूनही कधी विचारलं नव्हतं. पोळ्याला आमच्या दर्यापूरकडच्या गावी गेले तेव्हा भावाला विचारलं. तो म्हणाला, "पहिले हिंगूळ, वार्निश लावत होतो. आता गॅरेजचा रंग. मोटारीले मारतात थो. पाच मिन्टात वाळते. बैल काय दिवसभर हुबा राह्यते?"

मोटारींना तेव्हा मारत तो रंग म्हणजे लॅकर. आणि लॅकरमध्ये तेच, जे पत्त्यांवर असतं.

परत आल्यावर मी बाजारातून हिरव्या रंगाचा लहान डबा आणला, बोटांना लावला, थिनरने पुसून टाकला, साबणाने हात धुतले आणि वानखड्यांना बोळा फिरवायला सांगितलं. चार सेकंद. सरबत. मग वही काढली. 'हिरवट छटा, थिनरसारखा वास.' अक्षर माझंच होतं, फार सुवाच्य.

साहेबांना दाखवलं. त्यांनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "स्वतःच्या हातावर केलंत? आता तुम्हालाच अटक करावी लागेल."

"साहेब, तो माणूस आत आहे."

"अपील केलंय ना त्याने? मग कोर्ट बघेल."

"कोर्टापुढे आपला कागद आहे."

"कागद खोटा आहे का?"

"नाही."

"आपल्याला कोणी काही विचारलंय का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी पुढचं पार्सल ओढलं. ते वाईट नव्हते. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

तेव्हा मला एकच मार्ग दिसला: कोणीतरी विचारायला हवं. दुसऱ्या एका खटल्यात साक्षीला अकोल्याला गेले असताना कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये उस्मानचे वकील खंडारे दिसले. मी त्यांच्या समोर बसले, माझी ओळख दिली आणि सांगितलं, की तुमच्या अपिलात विश्लेषकाला समक्ष बोलवा आणि दोन प्रश्न विचारा. गुलाबी रंग दुसऱ्या कशाने येतो का? आणि तुमच्या कामाच्या वहीत काय लिहिलं आहे?

खंडारेंनी कप खाली ठेवला. "काय लिवलं हाये?"

मी सांगितलं. आयरिश लोकांचंही सांगितलं.

"मॅडम, हे तुमी तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा म्हटलं असेन. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला ऐकू आलं.

वरच्या कोर्टाने मला बोलावलं, त्याला आणखी दोन वर्षं गेली. कोर्टाची इमारत भव्य होती आणि आतले सगळे जण तिच्या मापाने बोलत होते. खंडारेंनी दोन्ही प्रश्न विचारले. मी वही वाचून दाखवली. सरकारी वकील उठले.

"म्हणजे आपला अहवाल खोटा होता, असं आपलं म्हणणं आहे?"

"नाही. खरा होता. अपुरा होता."

"आणि हे आपल्याला आयर्लंडवरून कळलं. आयर्लंडचा अकोटशी संबंध काय?"

"रसायनाला गाव नसतं."

"मग आपल्या मते तो गुलाबी रंग कोणाच्याही हातावर येऊ शकतो?"

"कोणाच्याही नाही. लॅकरला हात लागलेल्यांच्या." मी समोर पाहिलं. "हे टेबल नुकतंच पॉलिश केलेलं दिसतं. तेही लॅकरचं असेल, तर सकाळपासून त्यावर हात ठेवून बसलेल्यांचे बोळे मला तपासावे लागतील."

सरकारी वकिलांनी टेबलावरून हात उचलले. वर दोन्ही न्यायमूर्तींचे हातही अदृश्य झाले. कोर्टात कोणी हसलं नाही, पण त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

उस्मान सुटला. निकालात 'संशयाचा फायदा' असा शब्द आहे. सव्वासहा वर्षं आत काढलेल्या माणसाला नेमका कोणता फायदा झाला, ते निकालात नाही. त्या डब्यात स्फोटक कोणी ठेवलं, हे आजवर कळलेलं नाही. त्या फुटाणेवाल्या बाईला सहा वर्षं वाटत होतं की तिचा गुन्हेगार आत आहे. तेवढंही तिच्याकडून काढून घेतलं गेलं. तिच्याकडे माफी मागायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

मला खात्याची नोटीस आली. न विचारता बचाव पक्षाला माहिती का पुरवली, वगैरे. तिच्यात तीन प्रश्न होते. मी तीन उत्तरं दिली, चौथं दिलं नाही. प्रकरण फाइलीत गेलं आणि तिथे सुखी झालं. त्या इंग्लिश प्रकरणातल्या रसायनतज्ज्ञाला म्हणे वेळेआधी निवृत्त केलं होतं. आमच्याकडे मला शाल मिळाली.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी दारात एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा राहिला. सोबत पुंडलिकराव होते. मी त्या माणसाला कधीच पाहिलं नव्हतं. त्याचे हात मात्र चार बोळ्यांइतके ओळखत होते.

"मी उस्मान पेंटर," तो म्हणाला. "शिव्या द्याले नाई आलो."

"दिल्या तरी चालतील. बसा."

"काय द्याव्या मॅडम. सहा साल रोज देत होतो. संपल्या."

पुंडलिकराव म्हणाले, "बाई, आता हा शिंगाले हात लावत नाई. मी म्हनतो हळद-गेरू लाव, त म्हनते त्याच्यात बी काई निंगालं त?"

उस्मानला एक दाखला हवा होता. तो पेंटर आहे आणि त्याच्या रंगाने द्रव गुलाबी होतो, एवढंच लिहिलेला. मी सांगितलं, की आता मी नोकरीत नाही, माझ्याकडे लेटरहेड नाही, शिक्का नाही, अशा कागदाला काही किंमत नाही.

"सई त तुमचीच अशीन न?"

"हो."

"पयल्या कागदावर बी तुमचीच होती. चालली न."

मी कागद घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, पत्र नसताना, प्रश्न नसताना लिहायला बसले. 'हे गृहस्थ पेंटर आहेत. ते वापरतात तो लॅकरचा रंग प्राथमिक चाचणीत गुलाबी रंग देतो. एवढ्यावरून त्यांच्या हाताला स्फोटक लागले होते असे म्हणता येत नाही. हे मला त्या दिवशीच लिहिता आले असते.' शेवटचं वाक्य अहवालाच्या भाषेत बसत नाही, पण ते तसंच राहू दिलं. खाली सही केली.

गेल्या पोळ्याला भावाकडून परतताना वाट वाकडी करून पुंडलिकरावांच्या गावी गेले. बैल आता गावात नऊ-दहाच उरलेत, बाकी ट्रॅक्टर. त्यांच्या बोनेटलाही हार घालतात. उस्मान एका पांढऱ्या बैलाचं शिंग डाव्या हाताने धरून उजव्या हाताने हिरवा पट्टा ओढत होता. बैल मुकाट उभा होता. उस्मानच्या शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला तो कागद अर्धा बाहेर डोकावत होता. त्यावर हिरव्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

"इतक्या वर्षांत कोणी विचारला का हा कागद?" मी म्हटलं.

त्याने पट्टा पूर्ण केला, मागे सरून पाहिला, आणि दुसऱ्या शिंगाकडे वळत म्हणाला, "कोनीच नाई इचारला, मॅडम. म्हनूनच त ठेवतो."